दवाखान्याचा पांढरा डबा

नंदाबाईला रेल्वेत आयाचं काम लागलं ते १९८१ साली, आणि पहिल्याच दिवशी तिला कळलं की आपला दवाखाना एका जागी उभा राहणारा नाही. जालना स्टेशनाच्या मालधक्क्यामागं एक लाकडी डबा उभा होता. चार चाकांचा, निजामाच्या काळात बांधलेला, अस्सल सागवानी. वरून पांढरा रंग मारलेला आणि दोन्ही अंगांना लाल फुली काढलेली. आठवड्यातून एकदा तो मिक्स गाडीच्या, म्हणजे माल आणि माणसं दोन्ही नेणाऱ्या गाडीच्या, शेपटाला जोडायचे. मीटरगेजच्या त्या लाइनीवर जी लहान लहान स्टेशनं होती, तिथल्या गँगमनच्या, सांधेवाल्यांच्या, गेटमनच्या बायकापोरांना डॉक्टर या डब्यात तपासायचे.

डब्याचे तीन भाग होते. एका टोकाला बसायची बाकडी, मधे तपासायचं टेबल आणि दुसऱ्या टोकाला कंपाउंडरची औषधांची कपाटं. कपाटांच्या शेजारी भिंतीला लागून हातब्रेकचं लोखंडी चाक होतं. डबा साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभा केला की ते चाक पिळून ब्रेक घट्ट करायचा, हे कंपाउंडरचं काम. कंपाउंडर बद्रीनाथ हसनाबादचा. अंगानं सडपातळ, बोलण्यात गोड आणि कामात घाईचा. डबा थांबला रे थांबला की त्याला चहाची टपरी दिसायची.

नंदाबाईचं माहेर घनसावंगी. आई सुईण होती, त्यामुळं बाळंतपण म्हणजे काय हे तिनं परकर नेसायच्या वयापासून पाहिलेलं. नवरा शिवाजी जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. पोती वाहून त्याची मान खांद्यात रुतल्यासारखी झाली होती, पण बोलायला मोठा मजेदार. बायको डब्यातून निघाली की म्हणायचा, "लोकाच्या बायका माहेरी जाऊन राह्यल्या न् माझी बायको दवाखाना घेऊन फिरून राह्यली."

नियमानं डब्यात फक्त रेल्वेची माणसं तपासायची. पण डबा आला की आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून बायका डोक्यावर पदर घेऊन, काखेला लेकरू मारून फलाटाच्या कडेला येऊन बसायच्या. डॉक्टर खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, "नंदाबाई, ह्या कोणाकोणाच्या नात्यातल्या?" नंदाबाई तोंड न हलवता सांगायची, "गँगमनच्या मावश्या हायेत साहेब." दर आठवड्याला गँगमनच्या मावश्या वाढतच गेल्या. डॉक्टरांनीही कधी मोजल्या नाहीत.

ते दिवस तिच्या आयुष्यातले चांगले दिवस. ते एका दुपारी संपले.

८६ सालचा फेब्रुवारी असेल. ज्वारीची काढणी चालू होती. गारखेडी म्हणून एक लहानसं स्टेशन, त्याच्या साइडिंगला डबा सोडून मिक्स गाडी पुढं गेली. थोड्या वेळानं एका वस्तीवरून निरोप आला की गेटमनच्या बापाला छातीत कळ आली आहे. डॉक्टर निरोप घेऊन आलेल्या जीपनं तिकडं गेले. डब्यात राहिले बद्रीनाथ, नंदाबाई आणि टेबलावर मैमूना.

मैमूना ही गँगमन महेमूदची बायको. पहिलटकरीण. वेणा सकाळपासून चालू होत्या आणि महेमूद तिकडं लांब गँगबरोबर रुळांवर होता. मैमूनानं नंदाबाईचा हात असा धरला होता की बांगड्या मनगटात रुतल्या.

"नंदाबाई, डॉक्टरसाब जल्दी येतील ना?"

"येतील. अन् न्हाई आले तरी मी हाये. माझ्या मायनं बैलगाडीत सुद्धा बाळंतपणं केल्यात."

बाहेर साइडिंगच्या वरच्या तोंडाला मालगाडीचं इंजिन मालाच्या दोन रिकाम्या वाघिणी ढकलत आणत होतं. कापसाच्या गाठी भरायच्या होत्या. बद्रीनाथ डब्याच्या पायरीवर बिडी ओढत उभा होता. वाघिणी हळूहळू सरकत आल्या, ड्रायव्हरला अंदाज आला नाही आणि डब्याला धडक बसली.

धडक काही फार मोठी नव्हती. कपाटातल्या बाटल्या खळखळल्या, एक पडून फुटली, बस्स. नंदाबाई टेबलाला धरून सावरली आणि म्हणाली, "काय मेलं आंधळ्यावानी..." आणि तिचं वाक्य तिथंच तुटलं. खिडकीतून बाभळीचं झाड मागं सरकत होतं.

"बद्रीनाथभाऊ! डबा चालला!"

बद्रीनाथनं पायरीवरून एकदा आत बघितलं. नंदाबाईला त्याचा तो चेहरा नंतर कितीतरी वर्षं आठवत राहिला. मग त्यानं उडी मारली. खडीवर पडला, गडगडला आणि उठून ओरडायला लागला. तोवर डबा साइडिंगच्या खालच्या टोकाला पोचला होता. सांध्याच्या पात्यांना ढकलून तो खडखडत मुख्य लाइनीवर गेला.

गारखेडीच्या पुढं लाइन नदीकडं उतरत जाते. उतार डोळ्यांना दिसत नाही, पण चाकांना बरोबर कळतो. नदीवर पूल, पुलापलीकडं टेकडीला वळसा, आणि त्या वळणाच्या मागून परतूरकडची पॅसेंजर यायची होती. नंदाबाईला गाड्यांच्या वेळा तोंडपाठ होत्या असं नाही, पण त्या पॅसेंजरची वेळ तिला माहीत होती. त्याच गाडीला जोडून डबा परत जालन्याला जायचा.

ती धावत ब्रेकच्या चाकापाशी गेली. दोन्ही हातांनी चाक धरून फिरवलं. ते भिरभिरत फिरलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा नुसतंच फिरलं, जसं काही त्याला खाली काही बांधलेलंच नव्हतं. ब्रेक लावलेलाच नव्हता. डबा आल्यापासून नुसता उभा होता, आणि त्याला कोणी धक्का द्यायची वाट बघत होता.

ती फिरवत राहिली. बऱ्याच फेऱ्यांनंतर चाक जड झालं. खाली कुठंतरी लोखंड लोखंडाला घासल्याचा आवाज आला. डब्याचा वेग मात्र वाढतच होता. तारांचे खांब झपाझप मागं पडत होते. कपाटाची दारं उघडून बाटल्या एकेक करून खाली येत होत्या. डेटॉलचा वास सगळीकडं भरला.

चाक आता अजिबात हलेना. तिनं पाय भिंतीला लावला, सगळं अंग टाकलं, तरी हलेना.

"मैमूना, पोरी, टेबलाला घट्ट धर!" ती ओरडली.

तिनं वळून पाहिलं तर मैमूना टेबलावरून खाली उतरली होती. भिंतीला धरत, एका हातानं पोट सावरत, ती फुटक्या काचांतून अनवाणी येत होती.

"झोप म्हणून राह्यले ना मी तुला!"

"झोपून काय करू? मरू?" मैमूना म्हणाली आणि तिनं चाकाचा दुसरा काठ धरला.

दोघींनी मिळून ओढलं. चाक बोटभर फिरलं. मैमूनाला कळ आली, ती चाकावर कपाळ टेकून विव्हळली, पण तिनं हात सोडले नाहीत. कळ ओसरली तसं पुन्हा दोघींनी ओढलं. पुन्हा बोटभर. खालून करकर आवाज यायला लागला, जळक्या लाकडासारखा वास आला. खिडकीतून नदीकाठची झाडं दिसायला लागली.

"अजून एकदा," नंदाबाई म्हणाली.

"या अल्ला," मैमूना म्हणाली आणि ओढलं.

डबा रेंगाळला. आधी खांब ओळखू यायला लागले, मग खडीतले दगड दिसायला लागले. मग चाकं किंचाळली आणि डबा थांबला. पुढं पुलाचा पहिला लोखंडी खांब होता. हात लांब केला असता तर लागला असता.

सगळं कसं सामसूम झालं. कुठंतरी शेतात कोणी पाखरं हाकलत होतं.

नंदाबाई खाली उतरली. ब्रेकवर तिचा भरवसा नव्हता. रुळाकडेचे मोठाले दगड उचलून तिनं चाकांखाली घातले, पायानं दाबले. मग वर चढली, मैमूनाला टेबलावर निजवलं. मैमूनाच्या तळपायातून रक्त येत होतं. नंदाबाईनं कपाळावरचा घाम पुसला आणि तेवढ्यात, पार लांबून, टेकडीच्या मागून शिट्टी ऐकू आली.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"मला सोडून जाऊ नका," मैमूना म्हणाली. मग गाडी थांबवायलाच पाहिजे हे तिचं तिलाच कळलं. ती रडायला लागली आणि रडत रडतच म्हणाली, "जा. जल्दी जा."

दवाखान्यात अंगावर घालायला लाल रग असायचे. नंदाबाईनं एक ओढून घेतला आणि ती पळाली. पुलावरून चालायला वाट नव्हती. नुसते स्लीपर, आणि दोन स्लीपरमधून खाली नदीचं पाणी दिसायचं. एरवी ती या पुलावरून डब्यात बसून जायची तेव्हाही डोळे मिटून घ्यायची. आता ती स्लीपरवरून स्लीपरवर पाय टाकत चालली होती, दर पावलाला खाली बघत. मध्यावर आल्यावर रूळ थरथरायला लागले. तिनं खाली बघणं सोडलं. पाय जिथं पडतील तिथं पडोत, असं म्हणून ती धावली.

पूल संपला. ती वळणाकडं पळत राहिली, दोन्ही हातांनी रग डोक्यावर हलवत. इंजिन वळणावरून बाहेर आलं तेव्हा ती रुळांच्या मधोमध उभी होती. ओरडत होती, पण तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. इंजिनानं लांब शिट्टी मारली. मग ब्रेकचा आवाज झाला, आणि ते काळं धूड तिच्या अंगावर येता येता मंदावलं, कण्हलं आणि थांबलं. तिनं बाजूला होऊन रग खाली ठेवला.

ड्रायव्हर खाली वाकून ओरडला, "मरायचंय का बाई?"

"न्हाई," ती धापा टाकत म्हणाली. "पुलापलीकडं डबा हाये. त्यात बाई बाळंत होऊन राह्यली. गाडी हलवू नका. मला जायचंय."

आणि ती आली तशीच परत पुलावरून पळाली. गाडीतल्या दोन-तीन बायका उतरून तिच्यामागं निघाल्या, पण पुलापाशी थांबल्या. कोणाची हिंमत झाली नाही.

ती पोचली तेव्हा बाळाचं डोकं दिसत होतं. मैमूनानं ओठ चावून चावून रक्त काढलं होतं. तिथून पुढं जे काही करायचं ते नंदाबाईच्या हातांना ठाऊक होतं. मुलगी झाली. थोडा वेळ ती रडलीच नाही. नंदाबाईनं तिला पालथं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून चिकटा काढला आणि मग तो बारीक, चिडका आवाज डब्यात घुमला. तेव्हा कुठं नंदाबाई मटकन खाली बसली.

मुलीचं नाव शकीला ठेवलं.

एवढं सगळं झाल्यावर कुणालाही वाटेल की बाईचा सत्कार झाला असेल. झाली ती चौकशी.

डबा सुटला कसा, याची जबाबदारी कोणाची, हे ठरवायला साहेब लोक जालन्याला आले. नंदाबाई बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. आत बद्रीनाथची जबानी चालली होती. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळं त्याचा गोड आवाज बाहेर येत होता. "साहेब, मी ब्रेक पक्का पिळून मगच पायरीवर आलो. धडक बसली तशी बाई घाबरली. ब्रेक उलटा फिरवला असंल. तिला काय कळतं त्यातलं?"

नंदाबाईच्या कानशिलात रक्त चढलं. तिला आत बोलावलं तेव्हा तिनं जे झालं ते सांगितलं. चाक पहिल्यांदा मोकळं फिरलं, ब्रेक लावलेलाच नव्हता.

"याला साक्ष कोण?" एक साहेब म्हणाले.

साक्ष एकच होती, आणि ती आली. मैमूनाचा चिल्ला, बाळंतपणाचे चाळीस दिवस, अजून पुरा व्हायचा होता, बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो. तरी ती महेमूदच्या सायकलवर मागं बसून, तान्हीला पदरात गुंडाळून आली. तिची सासू दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

"साहेब, दार उघडं होतं. मी टेबलावरून बघून राह्यले होते. चाक लई वेळ रिकामंच फिरलं. मंग जड झालं."

"तू तेव्हा वेणा देत होतीस ना?"

"हो."

"मग तुझं लक्ष चाकाकडं कसं असेल?"

"माझा जीव त्या चाकाला टांगला होता साहेब. लक्ष कुठं असंल?"

साहेब हसले, पण लिहून घेतलं नाही. पॅसेंजरचा ड्रायव्हर येऊन बाईनं गाडी कशी थांबवली ते सांगून गेला. ते लिहून घेतलं. शेवटी निकाल असा लागला की डबा फार जुना, त्याची ब्रेकची यंत्रणा भरवशाची नाही. कोणाला शिक्षा नाही. डबा बंद. नंदाबाईची बदली जालन्याच्या दवाखान्यात. बद्रीनाथही पुढं बदली घेऊन गेला.

शिक्षा नाही, पण सुटकाही नाही. कोणी तिला दोषी म्हटलं नाही आणि कोणी निर्दोषही म्हटलं नाही. क्वार्टरमधल्या बायका नळावर हळूच बोलायच्या, "हीच ती, हिच्या हातून डबा सुटला ती." एकदा नवीन आलेल्या नर्सनं सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, तुम्ही म्हणे ब्रेक काढला होता?" त्या संध्याकाळी नंदाबाई चुलीपुढं बसली आणि भाकरी तव्यावर जळून गेली तरी तिला कळलं नाही. शिवाजीनं तवा उतरवला.

"लोकं दोन दिवस बोलतेत," तो म्हणाला.

"दोन दिवस कधीच होऊन गेले," ती म्हणाली.

पांढरा डबा यार्डाच्या कडेला, बाभळीत पडून राहिला. रंग उडाला. लाल फुली गुलाबी झाली, मग तीही दिसेनाशी झाली. नंदाबाई तिकडं जात नसे.

नव्वदच्या पुढं ब्रॉडगेजचं काम आलं. मीटरगेजचे रूळ उखडायचे ठरले, आणि त्या रुळांवरचे जुने डबे मोडीत निघाले. लाकडी डबे मोडायची पद्धत सोपी असते. रॉकेल टाकायचं आणि पेटवायचं. लाकूड जळून जातं, लोखंड उरतं, ते भंगारवाला उचलतो. एप्रिलच्या उन्हात यार्डात धुराचे लोट उठायला लागले. दवाखान्याच्या खिडकीतून ते दिसायचे.

त्याच सुमारास एका मोठ्या शहरातल्या रेल्वे संग्रहालयातून सत्यशीला भालेराव नावाच्या बाई आल्या. त्यांना या लाइनीवरचा एक जुना डबा निवडून न्यायचा होता. साहेबांनी त्यांना अधिकाऱ्यांचा सलून, म्हणजे त्यांच्या प्रवासाचा खास डबा, दाखवला. पितळी दिवे, चामड्याच्या खुर्च्या. उन्हानं चक्कर आली म्हणून सत्यशीलाबाई दवाखान्यात येऊन बसल्या. नंदाबाईनं त्यांना पाणी दिलं.

"सलून मिळाला का बाई?" तिनं सहज विचारलं.

"मिळाला. पण असे सलून आमच्याकडं दोन आहेत," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "साहेब कशातून फिरायचे ते लोकांना दाखवून झालंय. बाकीची माणसं कशातून फिरायची, ते दाखवायला काही मिळत नाही. सगळं जाळून टाकतात."

नंदाबाईनं खिडकीतून धुराकडं पाहिलं. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "माझ्यासंगं येता का?"

दोघी यार्डात पोचल्या तेव्हा शेवटची रांग पेटवायला घेतली होती. पांढऱ्या डब्याच्या शेजारच्या डब्यातून ज्वाळा निघत होत्या. भंगारवाल्याचा मुकादम काकासाहेब डोक्याला रुमाल बांधून हुकूम सोडत होता. पांढऱ्या डब्यावर रॉकेल शिंपडून झालं होतं.

सत्यशीलाबाईंनी डबा फिरून पाहिला, आत डोकावल्या आणि वळून म्हणाल्या, "हाच. हाच पाहिजे. थांबवा."

"लिलावात माल आमचा झालाय मॅडम," काकासाहेब म्हणाला. "वरून हुकूम आणा, थांबवतो."

"स्टेशनातून फोन करते. मी येईपर्यंत थांबा."

"आग थांबत न्हाई मॅडम. वारं सुटलंय."

सत्यशीलाबाई पदर खोचून स्टेशनाकडं धावल्या. काकासाहेबानं माणसाला खूण केली. माणूस पेटता बोळा घेऊन निघाला, आणि नंदाबाई पायरी चढून डब्यात गेली.

"ए बाई! खाली उतर!"

"त्या बाई आल्या की उतरते."

"येड लागलंय का? जळशील!"

ती तपासायच्या टेबलाला टेकून उभी राहिली. टेबलाचा पत्रा तापला होता. रॉकेलच्या वासानं घसा धरला. शेजारच्या डब्याचं छत कोसळलं तशा ठिणग्या खिडकीतून आत आल्या. तिनं पायानं विझवल्या. अजून आल्या. तिला भीती वाटत होती, फार वाटत होती, आणि तरी खाली उतरायचं तिच्या मनात येईना. या डब्याबद्दल लोक जे बोलत होते ते खोटं होतं, आणि डबा जळाला की ते कायमचं खरं होणार होतं. एवढंच तिला कळत होतं.

बाहेर काकासाहेब शिव्या देत होता, पण त्यानं बोळा मातीत दाबायला लावला होता. बाई जळाली तर तो कुठं तोंड दाखवणार? मात्र शेजारच्या डब्याची आग वाऱ्यानं इकडंच वळत होती. पांढऱ्या डब्याच्या बाहेरच्या फळ्यांतून धूर निघायला लागला.

"अक्का! अक्का, आत हाये का?" कोणीतरी ओरडलं. महेमूद होता. रूळ उखडणाऱ्या टोळीत तोही होता. यार्डात आरडाओरडा ऐकून आला होता, मागं टोळीतली माणसं पहारी घेऊन.

"हाये!"

"उतर!"

"डबा जळून राह्यला महेमूद! आधी डबा हलव!"

महेमूदनं एकदा आगीकडं पाहिलं आणि वाद घातला नाही. "चला रे!" माणसांनी चाकांखालचे दगड काढले, पहारी घातल्या, गंजलेली चाकं सुटेनात म्हणून घणाचे घाव घातले. काकासाहेबाची माणसं आधी बघत उभी होती. मग काकासाहेबच रुमाल सोडून कमरेला बांधत म्हणाला, "बघता काय? लावा खांदा!" डबा कुरकुरला, हलला, आणि हातभर, दोन हात करत आगीपासून लांब सरकला. कोणी मातीची टोपली आणून धुमसणाऱ्या फळ्यांवर ओतली.

सत्यशीलाबाई परत आल्या तेव्हा स्टेशनमास्तर त्यांच्याबरोबर होते. फोनवर हुकूम मिळाला होता. नंदाबाई पायरीवर बसली होती. लुगड्याला ठिकठिकाणी भोकं पडली होती, भुवया होरपळल्या होत्या. डब्याची एक बाजू काळी पडली होती.

"ही बाजू आता कशी करणार?" तिनं काळजीनं विचारलं.

"तशीच ठेवू," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

डबा मोठ्या ट्रेलरवर चढून गेला. नंतर बरीच वर्षं काही कळलं नाही. २००२ साली सत्यशीलाबाईंचा दवाखान्यात फोन आला. डबा दुरुस्त होऊन मांडला होता आणि त्याचा इतिहास लिहायचं काम चालू होतं. नंदाबाईनं यावं, अशी त्यांची इच्छा होती.

नंदाबाई आणि मैमूना दोघी गेल्या, ब्रॉडगेजच्या गाडीनं. मैमूनानं वाटेत खायला खिमा-रोटी घेतली होती आणि नंदाबाईनं धपाटे. डबा एका शेडखाली उभा होता, पांढरा शुभ्र. जळकी बाजू मात्र तशीच ठेवली होती. आत एक डॉक्टरचा पुतळा होता आणि एक आयाचा. आया कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, हात जोडून उभी.

नंदाबाई तिच्याकडं बराच वेळ बघत राहिली. "हिला काही कामधंदा दिसत न्हाई," ती म्हणाली. मैमूना तोंडाला पदर लावून हसली.

सत्यशीलाबाईंनी त्या दोघींना आत बसवलं आणि टेपरेकॉर्डर चालू केला. नंदाबाईनं सगळं सांगितलं. गँगमनच्या मावश्या, पूल, लाल रग, शकीलाचा जन्म. सांगता सांगता ती ब्रेकपाशी आली आणि थांबली.

"चौकशीत ब्रेकबद्दल काहीच ठरलं नाही, असं दिसतं," सत्यशीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "ब्रेक लावायला कोण विसरलं होतं, नंदाबाई?"

मैमूनानं तिच्याकडं पाहिलं. बद्रीनाथ हसनाबादला होता, थकला होता, पक्षाघातानं अंथरुणाला खिळला होता, असं ऐकिवात होतं. त्याचं नाव घ्यायला आता कसली भीती नव्हती. टेपचं चाक फिरत होतं. नंदाबाईच्या तोंडात नाव आलं होतं, मैमूनाला ते दिसलं. नंदाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"मी न्हाई," ती म्हणाली. "मी ब्रेक काढला न्हाई. मी लावला. एवढं लिहा, बराबर लिहा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं ज्याचं त्याला ठाऊक हाये."

"अन् मी पण लावला," मैमूना म्हणाली. "माझं पण नाव घाला."

पुढच्या महिन्यात डब्याशेजारच्या पाटीवर दोन ओळी वाढल्या. त्यात लिहिलं होतं की उतारावर सुटलेल्या या डब्याला आतल्या दोन स्त्रियांनी, नंदाबाई आणि मैमूनाबी यांनी, ब्रेक लावून थांबवलं, आणि समोरून येणारी गाडी नंदाबाईंनी पुलापलीकडं जाऊन अडवली. सत्यशीलाबाईंनी पाटीचा फोटो पाठवला. नंदाबाईनं तो दवाखान्यात नेला आणि औषधांच्या खिडकीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा, चिकटपट्टीनं लावला. कोणी काही विचारलं नाही. तिनंही काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी ती घरी आली, शिवाजीच्या ताटात भाकरी वाढली, स्वतःलाही वाढून घेतली, आणि लई दिवसांनी त्याच्यासमोरच बसून, गप्पा मारत, पोटभर जेवली.